नको असलेले विंडोज अपडेट लपवताना या चुका टाळा

विंडोजचे एखादे अपडेट आपल्या संगणकावर नको असणे यात काहीच गैर नाही. जुना प्रिंटर, जुने बिलिंग सॉफ्टवेअर किंवा विशिष्ट ड्रायव्हरवरच (यंत्र आणि विंडोज यांना जोडणारे सॉफ्टवेअर) चालणारे यंत्र ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यावर ही वेळ कधी ना कधी येतेच. मात्र एक अपडेट अडवण्यासाठी लोक जे उपद्व्याप करतात आणि नंतर ते निस्तरण्यासाठी संगणक दुसऱ्याच्या टेबलावर आणून ठेवतात, ते पाहून आता कंटाळा आला आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे अपडेटची सर्व्हिसच, म्हणजे पडद्यामागे चालणारा विंडोजचा भागच, बंद करून टाकणे. सोलापुरातील एका कापड दुकानात बारकोडची लेबले छापणारा जुना प्रिंटर होता. त्याचा ड्रायव्हर एके दिवशी आपोआप बदलला आणि अर्धा बारकोड एका लेबलवर, तर उरलेला अर्धा पुढच्या लेबलवर छापला जाऊ लागला. दुकानमालकांच्या पुतण्याने डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर परत आणला, हे योग्यच केले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नवा ड्रायव्हर पुन्हा हजर झाला. मग त्याने एक व्हिडिओ पाहिला आणि विंडोज अपडेट ही सर्व्हिस ‘डिसेबल्ड’ केली. ती काही दिवसांत आपोआप चालू झाली, कारण विंडोज १० आणि ११ मध्ये अपडेटची यंत्रणा बिघडली आहे असे दिसल्यास ती दुरुस्त करणारी ‘मेडिक सर्व्हिस’ नावाची वेगळी सर्व्हिस असते. यावर उपाय म्हणून त्याने कुठूनतरी एक फुकटचा ‘अपडेट ब्लॉकर’ उतरवून घेतला. लेबले नीट छापली जाऊ लागली आणि विषय सगळ्यांच्या विस्मरणात गेला.

दिवाळीच्या तोंडावर बिलिंगची नवी आवृत्ती टाकायची ठरली आणि तिने डॉट नेट ३.५ (काही सॉफ्टवेअर चालायला लागणारा विंडोजचा घटक) मागितले. विंडोज १० मध्ये हा घटक चालू करायचा, तर त्याच्या फाइली सहसा विंडोज अपडेटमार्फतच येतात. ती वाटच बंद असल्यामुळे प्रत्येक वेळी त्रुटी येत होती, आणि बिलिंगवाले ‘तुमच्या विंडोजमध्ये प्रॉब्लेम आहे’ एवढेच सांगत होते. पुतण्या विंडोज नव्याने टाकण्याच्या तयारीत होता. ब्लॉकर बसवल्याचे त्याला आठवतही नव्हते. तो काढून सर्व्हिस पूर्ववत केल्यावर डॉट नेट लगेच बसले. घरातल्या एका नळासाठी सोसायटीची टाकी बंद केली की असेच होणार.

लेबलांचा मूळ प्रश्न सोडवायला त्यानंतर फारसा वेळ लागला नाही, कारण तेथे खरी चूक क्रमाची होती. जुना ड्रायव्हर परत आणला आणि इंटरनेट चालूच ठेवले, तर विंडोजला नवा ड्रायव्हर ‘बाकी’ दिसतो आणि ते तो पुन्हा बसवते. माझी सवय अशी आहे: आधी इंटरनेट तोडायचे, मग ड्रायव्हर मागे न्यायचा, नंतर जोडणी ‘मीटर्ड’ (मोजक्या डेटाची, जिच्यावर विंडोज सहसा आपोआप अपडेट उतरवत नाही) ठरवून इंटरनेट सुरू करायचे आणि इतर काहीही उघडण्याआधी मायक्रोसॉफ्टचे ‘शो ऑर हाइड अपडेट्स’ हे छोटे साधन चालवून त्या ड्रायव्हरवर खूण करायची, म्हणजे तो लपतो आणि विंडोज तो आपोआप बसवत नाही. अपडेट बाकी असतानाच ते या साधनाच्या यादीत दिसते. एकदा बसले की दिसत नाही. ‘यादी रिकामीच येते’ अशी तक्रार करणाऱ्यांनी अपडेट आधीच बसलेले तर नाही ना, हे प्रथम पाहावे.

मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये असे जुने ट्रबलशूटर (अडचणी सोडवणारी छोटी साधने) टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले, त्यामुळे हे साधन नव्या विंडोज ११ वर चालेलच असे समजू नये. ते भलत्याच संकेतस्थळावरून तर मुळीच घेऊ नये. पॉवरशेलची (आज्ञा टाइप करून विंडोजकडून काम करवून घेण्याचे साधन) सवय असेल, तर ‘पीएस विंडोज अपडेट’ हे मॉड्यूल बसवून केबी क्रमांक (मायक्रोसॉफ्टने अपडेटला दिलेला ओळख क्रमांक) देऊन अपडेट लपवता येते. विंडोजची प्रो आवृत्ती असेल, तर ग्रुप पॉलिसीमधून (विंडोजचे नियम ठरवण्याची सोय) विंडोज अपडेटसोबत ड्रायव्हर घेऊच नयेत असे ठरवता येते आणि जुन्या प्रिंटरवाल्यांसाठी तोच टिकाऊ मार्ग आहे. होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसी एडिटर नसतो. तो ‘चालू करून देणाऱ्या’ बॅच फाइलींपासून (अनेक आज्ञा एकदम चालवणाऱ्या फाइली) लांबच राहावे.

दुसरी माझ्या विशेष रागाची चूक म्हणजे मासिक अपडेट लपवून निर्धास्त होणे. ही अपडेट एकत्रित स्वरूपाची असतात. मार्चचे लपवले, तरी एप्रिलचे नव्या क्रमांकाने येते आणि मार्चमधील सगळे बदल सोबत आणते. ९ मार्च २०२१ रोजी आलेल्या केबी ५०००८०२ नंतर काही प्रिंटरवर छपाईची आज्ञा देताच विंडोज कोलमडून निळा पडदा येऊ लागला होता; त्यावरचे दुरुस्ती अपडेट १५ मार्चला आले. ज्यांनी ते अपडेट काढून आठवडाभर अपडेट ‘पॉज’ केली, म्हणजे तात्पुरती थांबवली, त्यांचे काम भागले. ज्यांनी वैतागून अपडेट कायमची बंद केली, त्यांनी २०१७ मधील वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस आठवावा: त्याला रोखणारी दुरुस्ती १४ मार्चला उपलब्ध झाली होती आणि हल्ला झाला १२ मे रोजी.

लपवणे हाच शहाणपणा ठरावा असाही प्रसंग येतो. जानेवारी २०२४ मधील केबी ५०३४४४१ हे रिकव्हरी विभागात (विंडोज दुरुस्तीसाठी राखलेला हार्ड डिस्कचा भाग) २५० एमबी मोकळी जागा नसेल, तर ८००७०६४३ ही त्रुटी दाखवत पुन्हा पुन्हा फसत असे. अशा वेळी बॅकअप न घेता व्हिडिओ पाहून हार्ड डिस्कचे विभाग कमीजास्त करणाऱ्या अधीर मंडळींपेक्षा ते एक अपडेट लपवून बाकीची येऊ देणारे सुखात राहिले.

अपडेट अडकले की विंडोज जिथे उतरवलेली अपडेट ठेवते ते ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन’ फोल्डर उडवा, हा सल्ला सर्रास दिला जातो. तो कधीकधी उपयोगी पडतो, परंतु लपवलेल्या अपडेटची नोंदही त्याच फोल्डरातील डेटाबेसमध्ये असते, म्हणून नंतर ती सगळी पुन्हा समोर येतात.

‘पॉज’ची मुदत ३५ दिवसांपर्यंतच असते आणि ती संपल्यावर पुन्हा थांबवण्याआधी नवी अपडेट घ्यावी लागतात.

लपवलेल्या प्रत्येक अपडेटचा केबी क्रमांक, तारीख आणि कारण मी संगणकाशेजारच्या वहीत लिहितो. मासिक अपडेट अमेरिकेत महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, म्हणजे आपल्याकडे त्या रात्री उशिरा पोहोचतात. कामाच्या संगणकावर ती मी पुढच्या आठवड्यात घेतो आणि त्याच बैठकीत वही उघडून जुन्या नोंदींपैकी कोणती आता खोडता येतील ते पाहतो.