पोर मैदानात, धडधड आपल्या छातीत: बघणाऱ्यांनी या चुका टाळा

शालेय जिल्हास्तरीय स्पर्धा सुरू झाल्या की सोलापुरात कुमठा नाक्याच्या क्रीडा संकुलात कडेला उभ्या आईबापांचे चेहरे बघा. पोरगी हसत वॉर्मअप करतेय आणि आईचे हात गार पडलेत. यात लाजण्यासारखं काही नाही. खेळणाऱ्याची धास्ती पळण्यात, सूर मारण्यात खर्ची पडते. बघणाऱ्याच्या हातापायांना कामच नसतं. कॅनडात माँट्रियलला आइस हॉकीच्या मोजक्या प्रेक्षकांच्या हृदयाचे ठोके मोजले होते. टीव्हीवर सामना बघताना ते सरासरी ७५ टक्क्यांनी वाढले, प्रत्यक्ष स्टेडियममध्ये ११० टक्क्यांनी. खेळणारं पोर आपलं असेल तर काय होत असेल!

कडेवरून सूचना ओरडणं

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते. खो-खोत आई ओरडते, "अगं मागं फीर, मागं फीर की!" पण पाठलाग करणाऱ्या मुलीनं एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत तिला उलटं फिरता येत नाही. आईचं ऐकलं तर फाउल. दुसरं म्हणजे "खो दे, खो!" पाटीवर बसलेल्या मुलींचे कान त्याच एका शब्दासाठी टवकारलेले असतात, आणि खो मिळाल्याशिवाय उठलं की तोही फाउलच. तुमचा आवाज गर्दीत हरवतो असं समजू नका. हजार आवाजांतून पोर आईचा आवाज बरोबर ओळखतं, आणि त्या क्षणी सरांचं सांगणं निसटतं. ओरडायचंच असेल तर गडी बाद झाल्यावर ओरडा. नाव घ्या, टाळ्या वाजवा, "शाब्बास!" म्हणा. कुस्तीतही तेच. पैलवानाला एकट्या वस्तादाचा आवाज ऐकू येऊ द्या.

सामन्याआधी आपली भीती तिच्या ओटीत टाकणं

"झोप झाली ना? पोट ठीक आहे ना? मागच्या वेळी शेवटी बाद झालीस, तसं करू नको हं." तोवर पोरगी निवांत होती. पाण्याची बाटली द्या, पाठीवर हात ठेवा आणि बाजूला व्हा. मागच्या सामन्याची आठवण अजिबात नको.

उपाशीपोटी चहावर चहा

सकाळपासून पोटात काही नाही, वर चार कप चहा, डोक्यावर सोलापूरचं ऊन. मग जी धडधड होते ती सगळी काळजीची नसते. घरून कडक भाकरी, शेंगाचटणी, दही बांधून न्या आणि सामन्याआधी तासभर खाऊन घ्या. सावली धरा.

न सांगता निघून जाणं

बघवत नसेल तर थोडा वेळ पाठ फिरवा, त्यात गैर नाही. मात्र तिला आधी सांगून ठेवा. न सांगता गायब झालात तर बाद झाल्यावर तिची नजर तुम्हाला शोधत राहते.

त्यापेक्षा हातांना काम द्या. माझ्या मते वहीपेन्सिल मोबाइलपेक्षा कितीतरी बरी, कारण मोबाइलच्या चौकटीत एकटं आपलंच पोर दिसत राहतं आणि जीव आणखी टांगणीला लागतो. खो-खोत पळणाऱ्या तिघीतिघींच्या तुकडीनं मैदानात उतरतात. प्रत्येकीनं किती वेळ संरक्षण केलं, म्हणजे बाद न होता ती किती वेळ टिकली, आणि कोण कशी बाद झाली ते लिहा. वर्तमानपत्रातल्या बातमीत याच वेळा छापून येतात, आणि सरांनाही ही नोंद उपयोगी पडते. लिहिता लिहिता दुसऱ्या मुलींचा खेळही दिसायला लागतो. तरी धडधड थांबेना तर चार मोजत श्वास आत घ्या आणि सहा मोजत सोडा. सोडणं लांबलं की ठोके हळूहळू उतरतात.

छातीतली कळ 'टेन्शन' म्हणून सोडून देणं

२००६ च्या फुटबॉल विश्वचषकात म्युनिक परिसरात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना नेहमीच्या २.६६ पट झाल्याचं आढळलं होतं. आजोबा नातीचा सामना बघायला येणार असतील तर त्यांची बीपीची गोळी त्या दिवशी चुकवू नका. छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम असं काही जाणवलं तर डाव संपायची वाट न बघता १०८ ला फोन लावा. पोरीला मैदानातून बोलवायला कुणी धावू नका. ती सरांजवळ सुरक्षित आहे, तिला मागाहून सांगता येईल.