मानसिक आजाराचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र: तपासणीत होणाऱ्या या चुका टाळा

मानसिक आजाराच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात येणारी अनेक कुटुंबे रुग्णाला न्हाऊ घालून, इस्त्रीचा सदरा चढवून, "डॉक्टरांपुढे नीट बोल" असे बजावून आणतात आणि पहिली चूक तिथेच होते. तुटलेला हात पाहताक्षणी दिसतो. दहा वर्षांचा स्किझोफ्रेनिया दहा मिनिटांत दिसेलच असे नाही. मानसिक आजारामुळे आलेले दिव्यांगत्व मोजण्याच्या 'आयडियाज' या पद्धतीत स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद व आकलन आणि काम या चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण देतात, शिवाय आजार किती वर्षांचा आहे तेही मोजतात. म्हणून "आंघोळ करतो का?" याला "करतो" हे उत्तर अपुरे आहे, आईने बादली भरून दिल्यावर, चारदा हाक मारल्यावर, आठवड्यातून दोनदा करतो, असे सांगावे.

सर्वांत मोठा घोटाळा कामाच्या प्रश्नावर होतो. बीडकडचे नातेवाईक सहज सांगतात, "ऊसतोडीला जातो की!" ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यामुळे मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेताना रुग्णाचेही नाव लागते, प्रत्यक्षात तो फडाच्या कडेला बसून राहतो आणि तोडण्यापासून मोळ्या वाहण्यापर्यंतचे काम बायको व मेव्हणा ओढतात. तपासणाऱ्यानेही "कामाला जातो" एवढे ऐकून थांबू नये, काल त्याच्या हातून किती मोळ्या बांधल्या गेल्या हे विचारावे. यासाठी सोबत घरात राहणारे माणूस हवे. गाडीची सोय करणारा पुतण्या उपयोगाचा नाही.

आजार उठून दिसावा म्हणून आधी गोळ्या बंद करणे हा तर शुद्ध घातकीपणा आहे. अर्जात 'बौद्धिक अक्षमता' हा प्रकार निवडण्याची चूकही वारंवार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार हा वेगळा प्रकार आहे. फाइलमध्ये केवळ शेवटची चिठ्ठी न ठेवता जुने केसपेपर तारखेनुसार लावावेत, कारण आजाराची वर्षे त्यांवरूनच सिद्ध होतात.

४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले की संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान आपोआप सुरू होते, हा समज चुकीचा आहे. त्यासाठी उत्पन्नाच्या दाखल्यासह तहसीलमध्ये वेगळा अर्ज करावा लागतो. प्रमाणपत्र तात्पुरते असेल, तर त्यावरील मुदत त्याच दिवशी पाहावी. ती माघ-फाल्गुनात संपणार असेल, तर फेरतपासणीची चौकशी दिवाळीपूर्वीच करावी, कारण त्यानंतर ऊसतोडीला जाणारे कुटुंब कारखान्यावर असते आणि घराला कुलूप असते.