जावाच्या प्रॅक्टिकलआधी: स्ट्रिंग आणि फाइलची तयारी

स्ट्रिंग (म्हणजे मजकुराचा तुकडा) आणि फाइलच्या प्रश्नात पोरं अडकतात ती बहुतेक वेळा लॉजिकमुळे अडकत नाहीत. फाइलमध्ये नेमकं काय पडलंय हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलंच नसतं. म्हणून माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्यांना मी आधी डेटा तयार करायला बसवतो, कोड नंतर.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली बरीच पोरं यंत्रमागाच्या घरची. घरच्या वहीतल्या सहा ओळी उतरवून घ्या: ‘जॅकार्ड चादर,१२,६५०’ अशा, म्हणजे माल, नग, दर. मग मुद्दाम एक ओळ कोरी सोडा, एकीत स्वल्पविरामानंतर जागा टाका, एकीत नग आणि दर दोन्ही गाळून ‘टॉवेल,,’ एवढंच ठेवा. परीक्षेतली फाइल साधारण अशीच अंगावर येते. नोटपॅडमधून सेव्ह केल्यावर एक्स्टेन्शन दिसतील अशी सेटिंग करून घ्या, नाहीतर ‘डॉट टीएक्सटी’ दोनदा लागलेलं असतं आणि प्रोग्रॅम फाइल सापडत नाही म्हणून रडत बसतो. तरीही सापडली नाही, तर गेट-ॲब्सोल्यूट-पाथ छापून प्रोग्रॅम कुठं शोधतोय ते बघा. पाथमध्ये एकेरी बॅकस्लॅश नको. त्याच्यापुढं ‘एन’ आला की दोघं मिळून नवी ओळ होते. साधा स्लॅश विंडोजवरही चालतो.

लॅबच्या मशीनवर बसल्या बसल्या जावाचं व्हर्जन तपासा. जेडीके (जावाची प्रोग्रॅमिंगची साधनं) १८ पासून यूटीएफ-८ हे अक्षरं साठवायचं एन्कोडिंग डिफॉल्ट आहे. त्याआधीच्या जावात विंडोजचं स्वतःचं एन्कोडिंग लागतं आणि मराठी नावांचा चिखल होतो, तेव्हा फाइल वाचणाऱ्या रीडरला यूटीएफ-८ स्वतः सांगायचं.

आता मराठी स्ट्रिंग जवळून पाहा, कारण इथं खरी समज येते. ‘सोलापूर’ची लेंग्थ किती? अक्षरं चार दिसतात, जावा सात सांगतो: स, ओकार, ल, काना, प, ऊकार, र. स्ट्रिंगबिल्डरनं ती उलटवा. ‘रपूलासो’ येईल असं वाटतं, येतं ‘रूपालोस’. प्रत्येक मात्रा शेजारच्या अक्षराला जाऊन चिकटलेली असते. हे एकदा स्वतः चालवून बघितलं की कॅरॅक्टर म्हणजे काय हे कायमचं डोक्यात बसतं.

तुलनेला इक्वल्स वापरा. कोडमध्येच लिहिलेल्या दोन सारख्या स्ट्रिंग == नं जुळतात, कारण जावा त्यांचा एकच ऑब्जेक्ट ठेवतो. फाइलमधून वाचलेली ओळ हा वेगळा ऑब्जेक्ट असतो, तिथं उत्तर फॉल्स. घरी चाललेला प्रोग्रॅम परीक्षेत फसतो तो इथंच. तसंच ट्रिम केल्यावर (म्हणजे कडेच्या मोकळ्या जागा छाटल्यावर) आलेली नवी स्ट्रिंग व्हेरिएबलमध्ये परत ठेवा. मूळ स्ट्रिंग कधीच बदलत नाही.

स्प्लिटचा, म्हणजे स्वल्पविरामावर ओळ तोडण्याचा, सराव त्या ‘टॉवेल,,’ ओळीवर करा. शेवटचे रिकामे तुकडे स्प्लिट टाकून देतं, ॲरेत एकच घटक उरतो आणि दर वाचायला गेलं की एक्सेप्शन. दुसरा पॅरामीटर -१ दिला की तिन्ही तुकडे मिळतात. त्यातले रिकामे तुकडे मात्र आकड्यात बदलण्याआधी तपासा. उभी रेघ विभाजक असेल तर तिच्यामागं दोन बॅकस्लॅश. स्ट्रिंगचा आकडा करणाऱ्या पार्स-इंटला आकड्याआधीची जागा खपत नाही, पण देवनागरी ‘१२’ खपतं, घाबरू नका.

क्लास दोनच ठेवा. एक चादरीचा, प्रायव्हेट फील्ड आणि स्वतःच्या टू-स्ट्रिंगसह. टू-स्ट्रिंग विसरलात तर क्लासचं नाव, @ आणि भलताच कोड छापला जातो. दुसरा फाइल वाचणारा. चादरीला फाइलचा पत्ता माहीत असायचं काही कारण नाही, तोंडी परीक्षेत हे ठामपणे सांगा.

लिहिताना सर्वांत जास्त जपा. फाइलरायटर उघडताक्षणी जुना मजकूर पुसतो. माझी एकदा महिन्याची अख्खी नोंद अशी गेली, एक ‘ट्रू’ न दिल्यापायी. जुन्या मजकुरात भर घालायची असेल तर फाइलच्या नावानंतर दुसरा पॅरामीटर म्हणून तो ‘ट्रू’ द्यायचाच. आणि रायटर ट्रायच्या कंसात उघडा, म्हणजे तो आपोआप बंद होतो. बंद केला नाही तर मजकूर बफरमध्येच (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) राहतो आणि फाइल कोरी दिसते.

जर्नलवर सह्या झाल्यात का ते आजच बघा, आणि मूळ डेटा फाइलची एक कॉपी वेगळ्या फोल्डरात ठेवा.