टर्मिनलमधून फाइली कॉपी करताना या चुका टाळा

सीपी ही कमांड काही विचारत नाही. जिथे कॉपी करायचं तिथे त्याच नावाची फाइल आधीच असेल, तर जुना मजकूर जातो, नवा येतो आणि प्रॉम्प्ट गुपचूप परत मिळतो. रिसायकल बिन नाही, अनडू नाही. त्यामुळे कॉपी करताना स्रोत काय आहे याइतकंच, पोहोचण्याच्या जागी आत्ता काय आहे हेही आधी एलएस (डिरेक्टरीतल्या नावांची यादी दाखवणारी कमांड) मारून बघायला हवं. खालच्या बहुतेक चुका तिथेच होतात. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन अक्षरांतच टाकायच्या.)

तीच कमांड दुसऱ्यांदा चालवली की वेगळं घडतं

समजा, दिवाळी अंकाची प्रुफं एका डिरेक्टरीत आहेत आणि तुम्ही लिहिलंत:

सीपी -आर दिवाळी_अंक बॅकअप

बॅकअप नावाची डिरेक्टरी नसेल तर ती तयार होते आणि तिच्यात थेट प्रुफं येतात. अगदी हवं तसं. दुसऱ्या दिवशी दुरुस्त्या झाल्या, तुम्ही हिस्टरीतून तीच ओळ पुन्हा चालवली. आता बॅकअप अस्तित्वात आहे, म्हणून सीपी तिच्या आत दिवाळी_अंक ही आणखी एक डिरेक्टरी करते आणि नवी प्रुफं तिथे ठेवते. वरच्या पातळीवर कालची प्रुफं तशीच. एरर नाही, सूचना नाही. बॅकअप उघडून वरवर बघणारा माणूस जुनं प्रूफ उचलून छापखान्यात पाठवणार, आणि त्यात त्याचा दोष नसणार.

उपाय साधा आहे. आधी एमकेडीआयआर -पी बॅकअप (डिरेक्टरी नसेल तर ही ती तयार करते), मग:

सीपी -ए दिवाळी_अंक/. बॅकअप/

-ए म्हणजे वेळेच्या नोंदी आणि मालकीसकट सगळं जसंच्या तसं. स्रोताच्या शेवटी स्लॅश आणि टिंब दिलं की ‘या डिरेक्टरीच्या आतलं सगळं’ असा अर्थ होतो, आणि ही ओळ कितीही वेळा चालवली तरी परिणाम तोच राहतो. नुसत्या स्लॅशवर विसंबू नका. मॅकवरची सीपी स्रोताच्या शेवटचा स्लॅश पाहून आतला माल कॉपी करते, लिनक्सवरची त्याकडे दुर्लक्ष करून अख्खी डिरेक्टरीच आत टाकते. मॅकवर लिहिलेली स्क्रिप्ट सर्व्हरवर गेल्यावर फसते ती इथे. आरसिंकमध्ये (फक्त बदललेल्या फाइली कॉपी करून दोन जागा जुळवणाऱ्या कमांडमध्ये) मात्र दोन्हीकडे नियम एकच: शेवटी स्लॅश असेल तर आतला माल, नसेल तर डिरेक्टरीसकट.

टिंबाचा आणखी एक फायदा. बरेच जण दिवाळी_अंक/* असं लिहितात. तारांकन टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली धरत नाही, त्यामुळे .गिट, .एनव्ही, .एचटीॲक्सेस मागेच राहतात. वेबसाइट नव्या सर्व्हरवर हलवली आणि पान उघडेना, तर आधी एलएस -ए करून हेच तपासा.

ठिकाणाचं नाव चुकलं किंवा राहिलंच

सीपी *.टीएक्सटी लिहून ठिकाण द्यायला विसरलात आणि डिरेक्टरीत नेमक्या दोनच टेक्स्ट फाइली असल्या, तर शेल (तुमची ओळ वाचून कमांड चालवणारा प्रोग्राम) *.टीएक्सटी च्या जागी ती दोन नावं घालून सीपीला देतो. सीपीच्या दृष्टीने पहिली स्रोत, दुसरी ठिकाण. दुसऱ्या फाइलचा मजकूर गेला. तीन फाइली असत्या तर ‘शेवटचं नाव डिरेक्टरी नाही’ अशी एरर येऊन वाचलात.

दुसरा प्रकार याहून नेहमीचा. बॅकअप लिहिताना एक अक्षर गळलं, तशी डिरेक्टरी नाहीच, तर सीपी त्या चुकीच्या नावाची फाइल बनवते. पाठोपाठ जानेवारी.पीडीएफ, फेब्रुवारी.पीडीएफ, मार्च.पीडीएफ अशा तीन कॉपी केल्यात, तर शेवटी त्या नावाची एकच फाइल उरते, आणि तिच्यात फक्त मार्च. ठिकाणाच्या शेवटी स्लॅश लावायची सवय बोटांना लावा. मग डिरेक्टरी नसेल तर सीपी ‘नॉट अ डिरेक्टरी’ म्हणून तिथेच थांबते.

विचारून लिहायचं असेल तर -आय, असलेल्याला हात लावायचा नसेल तर -एन. लिनक्सवर --बॅकअप=नंबर्ड दिलं की जुनी फाइल .~१~, .~२~ असे शेपूट लावून जपली जाते. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्समध्ये रूट वापरकर्त्याला (सर्वाधिकारी खात्याला) सीपीऐवजी सीपी -आय मिळेल असा एलियस, म्हणजे कमांडचं टोपणनाव, तयार असतो. तिथे काम शिकलेला माणूस उबंटूवर आला की ‘विचारेल’ या भरवशावर राहतो आणि ती विचारत नाही.

मराठी नावांच्या फाइली

स्पेसचा प्रश्न सगळ्यांना ठाऊक असतो, तरी चूक होतेच. सीपी -आर लग्नाचे फोटो पेनड्राइव्ह/ यात शेलला लग्नाचे आणि फोटो अशा दोन वेगळ्या वस्तू दिसतात. नाव अवतरणचिन्हांत घाला, आणि स्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलसुद्धा दुहेरी अवतरणांतच.

देवनागरीचा खास प्रश्न लांबीचा आहे. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टमवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक वर्ण ३ बाइट घेतो, म्हणजे जास्तीत जास्त ८५ वर्ण. इथे काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात; ‘ग्रामपंचायत’ या एका शब्दातच ११ वर्ण, म्हणजे ३३ बाइट. विंडोजच्या एनटीएफएसची मर्यादा २५५ यूटीएफ-१६ एककांची, तिथे हाच शब्द ११ एककांत बसतो. म्हणून ठरावाचा अख्खा विषय फाइलच्या नावात लिहिलेली पीडीएफ विंडोजवर वर्षानुवर्षं नीट नांदते आणि लिनक्स सर्व्हरवर पाठवताना ‘फाइल नेम टू लाँग’ म्हणून अडते. बाकीच्या शंभर फाइली जातात, ही एक मागे राहते, आणि एररची ओळ वर सरकून गेल्यावर ते कुणाच्या लक्षात येत नाही. विषय आत लिहा. नावाला तारीख आणि ठराव क्रमांक पुरतो.

याहून चकवा देणारी गोष्ट म्हणजे ऱ. ‘दुसऱ्या हप्त्याची पावती’ हे नाव पडद्यावर एकसारखं दिसूनही तीन प्रकारे साठवलेलं असू शकतं: ऱ या स्वतंत्र वर्णाने, र आणि नुक्ता मिळून, किंवा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक असं. कीबोर्डनुसार पहिला किंवा तिसरा प्रकार येतो. दुसरा प्रामुख्याने जुन्या मॅककडून, कारण त्यांची एचएफएस प्लस ही फाइल सिस्टम नावं साठवतानाच ऱ चे दोन तुकडे करत असे. लिनक्स बाइट जुळवतो, दिसणं नाही. मग एकाच डिरेक्टरीत एकाच नावाच्या दोन फाइली दिसतात, किंवा समोर दिसणारी फाइल टाइप केल्यावर ‘नो सच फाइल’ येतं. अशा वेळी नाव हाताने टाइप करू नका, टॅब दाबून पूर्ण होऊ द्या. शंका असेल तर एलएसचं आउटपुट एक्सएक्सडीला (बाइट छापणाऱ्या कमांडला) | या खुणेने पाइप करा, बाइट समोर येतील. नुक्त्याचा प्रकार कन्व्हएमव्ही या साधनाने --एनएफसी देऊन दुरुस्त होतो. जोडकाचा होत नाही, तिथे नाव बदलणं हाच मार्ग.

पेनड्राइव्हवर

४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल फॅट३२ वर जात नाही. ‘फाइल टू लार्ज’ आलं की जागा मोजत बसू नका, ड्राइव्ह एक्सफॅट करा (आधी त्यावरचा माल दुसरीकडे काढून). नावात कोलन किंवा प्रश्नचिन्ह असेल तर ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’. सीपी -ए ला मालकीहक्क जपता आले नाहीत म्हणून ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ च्या ओळी येतात, पण साध्या फाइलींतला मजकूर पोहोचलेला असतो. सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नुसतं बोट दाखवणाऱ्या नोंदी) मात्र खरोखर जात नाहीत. त्यांच्यामागची मूळ फाइल हवी असेल तर -एल द्या (हा एल कॅपिटल).

डिस्क जोडलेलीच नसते तेव्हा

ही चूक सर्वांत महाग पडते. रात्री आपोआप चालणारी आरसिंक, तिच्यात --डिलीट, म्हणजे स्रोतात नसेल ते बॅकअपमधूनही काढ. स्रोत बाहेरच्या डिस्कवर आहे, आणि केबल सैल झाल्यामुळे ती माउंट झाली नाही, म्हणजे तिच्या ठरलेल्या डिरेक्टरीला (माउंट पॉइंटला) जोडली गेली नाही. माउंट पॉइंट ही रिकामी डिरेक्टरी तेवढी उरली. आरसिंकला वाटतं, मालकाने सगळं पुसलं, आणि ती निष्ठेने बॅकअपही पुसते. उलट बाजूने, बॅकअपची डिस्क जोडलेली नसेल तर सगळा माल त्या रिकाम्या डिरेक्टरीत, म्हणजे मुख्य डिस्कवर साठत जातो, ती भरते आणि सर्व्हर अडकतो.

स्क्रिप्टच्या सुरुवातीला दोन्ही जागांसाठी माउंटपॉइंट -क्यू या कमांडने डिस्क जोडलेली आहे का याची तपासणी घाला, ती फसली तर पुढे जाऊच देऊ नका. --मॅक्स-डिलीट=१०० अशी मर्यादाही द्या. आणि --डिलीट असलेली नवी ओळ प्रथम -एन लावून, म्हणजे कोरडी चालवून, काय पुसलं जाणार त्याची यादी वाचा. विंडोजवर रोबोकॉपी या कमांडचं /एमआयआर असंच पुसतं. तिथे एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा) १ आला म्हणून घाबरू नका, त्याचा अर्थ फाइली कॉपी झाल्या असा आहे. ८ किंवा त्यापुढचा कोड म्हणजे अपयश.

दुसऱ्या मशीनवर एससीपीने (नेटवर्कवरून कॉपी करणाऱ्या कमांडने) पाठवताना सर्व्हरच्या नावापुढचा कोलन राहिला, तर संपादक@सर्व्हर या नावाची फाइल आपल्याच मशीनवर तयार होते आणि पाठवल्याचं समाधान मिळतं.

मूळ पुसण्याआधी

साध्या सीपी -आर ने वेळेच्या नोंदी बदलतात. नंतर त्याच जागी आरसिंक -ए लावली की वेळ जुळत नाही म्हणून ती सगळं पुन्हा कॉपी करते. सूडो (रूटच्या अधिकाराने कमांड चालवणं) लावून केलेल्या कॉपीची मालकी रूटकडे जाते आणि मग वेब सर्व्हरला त्यात लिहिता येत नाही. सूडोबरोबर -ए वापरलं की दोन्ही टळतं.

‘नो स्पेस लेफ्ट’ आलं पण डीएफ -एच मोकळी जागा दाखवतंय, तर डीएफ -आय बघा. लाखो बारीक फाइलींनी आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी एकेक नोंद) संपलेले असतात. अशी मध्येच तुटलेली कॉपी अर्धवट फाइल मागे ठेवते, तिचं नाव पूर्ण फाइलसारखंच असतं. म्हणून नावांची यादी जुळणं पुरेसं नाही, डिफ -आर ने मजकूर जुळवा.

तेही लगेच नको. कॉपी केलेला माल बराच वेळ मेमरीत असतो, पेनड्राइव्हवर उतरलेला नसतो. त्या क्षणी डिफ चालवली तर ती मेमरीतली प्रतच वाचते आणि सगळं ठीक असल्याचं सांगते. आधी सिंक, मग अनमाउंट, ड्राइव्ह काढून परत लावा, आणि आता डिफ -आर मूळ/ प्रत/ चालवा. काहीही न छापता प्रॉम्प्ट परत आला, की मगच मूळ डिरेक्टरीला आरएम लावा.