पहिल्या तासाआधीची न्याहारी : सवय कशी लावावी

विद्यापीठात शिकणाऱ्यांची न्याहारी सकाळी बुडलेली दिसत असली, तरी ती बहुधा आदल्या रात्रीच बुडालेली असते. मध्यरात्री काहीतरी खायचे, दोन वाजेपर्यंत जागायचे आणि पहिल्या तासाला वीस मिनिटे उरली असताना उठायचे, या क्रमात भूक लागायला सवडच मिळत नाही. म्हणून सुरुवात रात्रीपासून करावी.

शेवटचे खाणे झोपेच्या दोन-तीन तास आधी आटोपावे आणि संध्याकाळनंतर कॉफी टाळावी. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण ५ तास लागतात, त्यामुळे रात्री नऊला घेतलेला कप दोन वाजताही झोपेच्या आड येऊ शकतो.

त्यानंतर झोपण्यापूर्वीच न्याहारीची मांडामांड करावी. झाकणाच्या डब्यात मूठभर ओट्स, ते बुडतील एवढे दूध आणि चमचाभर शेंगदाणे किंवा बदाम घालून डबा फ्रिजमध्ये ठेवला, की सकाळी ओट्स फुगून मऊ झालेले असतात; वर फळ चिरून घालायचे तेवढे उरते. फ्रिज नसल्यास ओट्स कोरडेच ठेवून दूध सकाळी घालावे. डब्याला चमचाही रबराने बांधून ठेवावा, कारण घाईच्या वेळी न सापडलेला चमचा हेही न खाण्याला पुरेसे निमित्त होते. उकडलेली अंडी कवचासकट फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतात.

काय खावे, याचा फार काथ्याकूट करू नये. नुसत्या गोड बिस्किटांवर भागवले, तर भूक लवकर परतते. सोबत प्रथिने आणि तंतुमय पदार्थ असले, तर पोट अधिक वेळ भरलेले राहते. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि पेलाभर दुधातूनही जवळपास तेवढीच.

सकाळी भूकच नसते, अशी अनेकांची तक्रार असते आणि ती खोटी नसते. मात्र भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक नेहमीच्या जेवणवेळांच्या सुमारास वाढते. तेव्हा रोज ठरल्या वेळी अर्धे केळे जरी खाल्ले, तरी हळूहळू पोट त्या वेळेला स्वतःहून मागू लागते. पहिल्याच दिवशी भरल्या ताटाचा हट्ट नको.

ही वेळ घड्याळापेक्षा एखाद्या नित्याच्या कामाला जोडावी, उदाहरणार्थ आंघोळ झाली की डबा उघडायचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, असे एखादे वर्तन अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागल्याचे दिसले. व्यक्तीगणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात आढळले. तेव्हा सोमवारी डबा तसाच राहिला, तर मंगळवारी आंघोळीनंतर तो उघडावा. सोमवारचे दूध मात्र वास घेऊन पाहावे.