मक्याच्या शेतातलं विद्यापीठ आणि त्याची तीन नावं

आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. 2023 च्या जानेवारीअखेर माझ्या लेकीला इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन कॅम्पसमध्ये (इंग्रजी आद्याक्षरांनी यूआययूसी) अकाउंटन्सीला प्रवेश मिळाल्याचं कळलं. मी आनंदाने तिला जवळ घेतलं, तर ती म्हणाली, "चांगलंच झालं गं आई, पण तिथे काय, सगळेच जातात." त्याच संध्याकाळी समोरच्या घरातला तिचा मित्र खोलीबाहेर यायला तयार नव्हता. गणितात तिच्यापेक्षा कितीतरी पुढचा मुलगा, पण त्याने अर्ज केला होता संगणकशास्त्राला, आणि तिथे त्याला जागा मिळाली नव्हती. मग फेब्रुवारीत पुण्याहून भाच्याचा फोन आला, "आत्या, यूआययूसीचं अॅडमिट आलं!" मागून वहिनीचा आवाज येत होता, कोणाकोणाकडे पेढे द्यायचे याची यादी चालली होती.

विद्यापीठ एकच. एकीला ते घराशेजारचं म्हणून साधं वाटलं, एकाला हाताला न लागलेलं, आणि तिसऱ्याच्या घरी पेढे. भारतातून नव्याने आलेल्या, मुलं नववी-दहावीत असलेल्या कुटुंबांना नेमकं हेच उमगत नाही. एक जण सांगतो "फार उत्तम", दुसरा सांगतो "बॅकअप म्हणून ठेवा", आणि दोघेही मनापासून बोलत असतात. म्हणून मला जे दिसलं, जे उशिरा कळलं, ते लिहिते आहे.

मी स्वतः 1998 साली तिथे एम.एस.ला गेले. पुण्यात आमच्या कॉलेजात त्या विद्यापीठाचं नाव निघालं की पाठोपाठ जॉन बार्डीन यांचं नाव यायचं. ट्रान्झिस्टरच्या शोधासाठी 1956 साली आणि अतिवाहकतेच्या सिद्धान्तासाठी 1972 साली, असं भौतिकशास्त्राचं नोबेल दोनदा मिळवणारा आजवरचा एकमेव माणूस, आणि 1951 पासून तो तिथे शिकवत होता. 1993 साली मोझॅक हा ब्राउझर तिथेच तयार झाला होता. आमच्या डोळ्यांसमोर यूआययूसी म्हणजे हे होतं. तिथलं वसतिगृह कसं, पदवीच्या पहिल्या वर्गात किती मुलं बसतात, फुटबॉलचा संघ कसा आहे, यातलं काहीएक ठाऊक नव्हतं, आणि विचारावंसंही वाटलं नाही. भारतात जी कीर्ती पोचते ती संशोधनाची, आणि तीही अभियांत्रिकीच्या मोजक्या विभागांची. एम.एस.ला जाणाऱ्याला ती पुरते, कारण तो विभागातच जातो. अठराव्या वर्षी पदवीला जाणारं मूल मात्र आख्ख्या विद्यापीठात जातं.

नेपरव्हिलला आल्यावर पहिल्यांदा कळलं की इथे कोणी यूआययूसी म्हणतच नाही. इथे "यू ऑफ आय" म्हणतात, नाहीतर नुसतं "शॅम्पेन". (मिसिसिपी नदी ओलांडून आयोवात गेलात, तर तेच "यू ऑफ आय" आयोवा विद्यापीठाचं होतं. लेकीच्या मैत्रिणींशी बोलताना माझा यात दोनदा गोंधळ झाला.) आमच्या उपनगरांतल्या मोठ्या सरकारी शाळांतून दर वर्षी मुलांचे थवेच्या थवे शॅम्पेनला जातात. वर्गातला बरा म्हणावा असा मुलगा गेला, शेजारची गेली, कोणाचा दादा आधीपासून तिथेच आहे. जे रोज डोळ्यांसमोर असतं त्याचं अप्रूप राहत नाही. पिकतं तिथे विकत नाही, ही म्हण मक्याच्या या प्रदेशात मला फार वेळा आठवली.

अप्रूप नसण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते गणिताचं आहे. इथली मुलं विद्यापीठाची उंची त्याच्या प्रवेशाच्या टक्क्यावरून मोजतात. शिकागो किंवा नॉर्थवेस्टर्नसारखी खासगी विद्यापीठं शंभरातल्या दहापेक्षा कमी मुलांना घेतात, तर 2023 च्या सुमारास अर्बाना-शॅम्पेन शंभरातल्या चाळीसहून अधिक अर्जदारांना घेत होतं. पण त्या विद्यापीठाला राज्यातल्या मुलांना शिकवायचंच आहे, ते त्याचं जन्मापासूनचं काम. 1862 चा मॉरिल कायदा आला, केंद्र सरकारने राज्यांना जमिनी दिल्या, आणि त्यांच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी विद्यापीठं उभी राहिली. इलिनॉय विद्यापीठ त्यातूनच 1867 साली स्थापन झालं. आज पहिल्या वर्षालाच नऊ हजारांच्या आसपास मुलं येतात. एवढ्या जागा असलेल्या संस्थेचा टक्का कमी कसा असेल? शिकवण्याचा कस मात्र त्या टक्क्यातून कळत नाही.

शिवाय तो टक्का सरासरीचा. खरी मेख इथे आहे, आणि नव्या पालकांनी बाकी सगळं विसरलं तरी चालेल, एवढं ध्यानात ठेवावं: अर्बाना-शॅम्पेनला प्रवेश विषयानुसार मिळतो. अर्जातच पहिल्या पसंतीचा मेजर, म्हणजे मुख्य विषय, लिहायचा, दुसरी पसंतीही लिहिता येते. अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या संगणकशास्त्राला शंभरातल्या दहांनासुद्धा जागा मिळत नाही. म्हणजे एकाच इमारतीला दोन दरवाजे, एक सताड उघडा आणि दुसरा जेमतेम किलकिला. माझी लेक आणि तिचा मित्र यांचा अनुभव इतका वेगळा होता तो यामुळे. आणि आपल्या लोकांत "आधी कशातही आत शिर, मग बदलून घे" हा सल्ला सर्रास दिला जातो, तो इथे घातक आहे. दुसऱ्या विषयात प्रवेश घेऊन नंतर संगणकशास्त्राकडे वळणं जवळजवळ बंद आहे. भाषाशास्त्र, खगोलशास्त्र, पीकविज्ञान अशा विषयांशी संगणकशास्त्र जोडलेले संयुक्त अभ्यासक्रम आहेत. ते मला मनापासून आवडतात, पण तो दुसरा विषय खरंच आवडत असेल तरच घ्यावेत. मागचं दार समजून तिकडे जाणारी मुलं चार वर्षं कुढताना मी पाहिली आहेत.

पैशाचा भाग लवकर सांगते, कारण तो घरोघरी निराळा असतो. इलिनॉयच्या रहिवाशाला मूळ शिक्षणशुल्क वर्षाला 12-13 हजार डॉलरच्या आसपास पडतं, अभियांत्रिकीला त्यावर आणखी पाचेक हजार, आणि राहण्याजेवण्याचा खर्च वेगळा. परराज्यातल्या मुलाला शुल्क दुपटीहून जास्त. राज्याच्या कायद्यामुळे 2004 पासून प्रवेशाच्या वर्षीचं शुल्क रहिवाशांसाठी चार वर्षं तेच राहतं, ही मोठी सोय आहे. 2019 मध्ये, वर्षाला 61 हजार डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या इलिनॉयच्या कुटुंबांना शिक्षणशुल्क न घेण्याची योजना सुरू झाली, पुढे ती मर्यादा वाढवली गेली. तरीही आसपासच्या राज्यांच्या तुलनेत इलिनॉयचं शुल्क रहिवाशांना चढंच वाटतं. मिझुरी, आयोवा, इंडियाना आणि दूरचं अलाबामासुद्धा शिष्यवृत्त्या देऊन इथली मुलं ओढून घेतात. न्यू जर्सीखालोखाल शिक्षणासाठी सर्वांत जास्त मुलं गमावणाऱ्या राज्यांत इलिनॉयचं नाव घेतात ते उगीच नाही. मग होतं असं, की "यू ऑफ आय काही खास नाही" असं जेव्हा एखाद्या घरात म्हणतात, तेव्हा त्यामागे कित्येकदा दुसरीकडून आलेलं शिष्यवृत्तीचं पत्र असतं. त्यात चूक काही नाही. ऐकणाऱ्याने फक्त ते पत्र लक्षात घ्यावं.

राज्य बदललं की हे सगळंच बदलतं. मॅसॅच्युसेट्समध्ये हार्वर्ड 1636 पासून आहे, एमआयटी आहे, कितीतरी जुनी खासगी कॉलेजं आहेत. तिथलं सरकारी विद्यापीठ अॅमहर्स्टला 1863 साली आलं आणि इतकं चांगलं असूनही कायम त्यांच्या सावलीत राहिलं. उलट मिशिगन, विस्कॉन्सिन, टेक्सास इथे राज्याचं विद्यापीठ म्हणजेच मानाचं पान. टेक्सासमध्ये शाळेतल्या पहिल्या 10 टक्के मुलांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश देणारा कायदा 1997 साली झाला, आणि ऑस्टिनच्या विद्यापीठाला इतकी गर्दी लोटली की तिथल्यापुरता तो आकडा खाली आणावा लागला. नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपल हिल इथल्या सरकारी विद्यापीठात नव्या वर्गातल्या परराज्यातल्या मुलांचा वाटा 18 टक्क्यांवर रोखलेला आहे. त्यामुळे चॅपल हिल तिथल्या मुलाला आवाक्यातलं वाटतं आणि आमच्या नेपरव्हिलच्या मुलाला डोंगराएवढं. डॅलसच्या मावशीचा सल्ला शिकागोच्या भाचीला लागू पडेलच असं नाही, तो असा.

क्रमवारीच्या यादीबद्दल एकच गोष्ट सांगते. 2023 च्या सप्टेंबरमध्ये यू. एस. न्यूज या क्रमवारी काढणाऱ्या संस्थेने आपले निकष बदलले. वर्गातली पटसंख्या, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या हे काढून टाकलं आणि गरीब घरातली मुलं पदवीपर्यंत पोचतात का, याला जास्त वजन दिलं. त्या एका यादीत बरीच सरकारी विद्यापीठं वर सरकली, अर्बाना-शॅम्पेनही. वर्ग तेच होते, प्राध्यापक तेच होते. आमच्या मंडळाच्या दिवाळीत मात्र लोकांचा सूर बदललेला मी माझ्या कानांनी ऐकला.

लेकीला मी यातलं काहीच सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता, सतरा वर्षांच्या मुलीला आईचं विद्यापीठ हे आईचं विद्यापीठच वाटणार. मार्चमध्ये आम्ही दोघी इंटरस्टेट 57 ने दक्षिणेला निघालो. शिकागोपासून सव्वादोनशे किलोमीटर, आणि निम्म्याहून जास्त रस्ता दोन्हीकडे सपाट काळी जमीन, मार्चमध्ये रिकामी. तिला ते उदास वाटलं. कॅम्पसवर मी तिला मॉरो प्लॉट्स दाखवले. ऐन विद्यापीठाच्या मध्यभागी मक्याचा छोटासा तुकडा, 1876 पासून त्या मातीवर प्रयोग चालू आहेत. 1960 च्या दशकात शेजारी पदवीच्या मुलांसाठी ग्रंथालय बांधायचं ठरलं, तेव्हा त्या मक्यावर सावली पडू नये म्हणून आख्खं ग्रंथालय जमिनीखाली बांधलं. ती बराच वेळ त्या कुंपणाशी उभी राहिली. शिकागोचा सिअर्स टॉवर ज्यांच्या रचनाशास्त्रावर उभा राहिला ते फझलूर रहमान खान ढाक्याहून 1952 साली इथेच शिकायला आले होते, हेही मी सांगितलं. रवींद्रनाथांचे चिरंजीव रथींद्रनाथ 1906 मध्ये शेतीशास्त्र शिकायला इथे आले, आणि 1912 साली स्वतः रवींद्रनाथही अर्बानाला येऊन राहिले, हे तिला ठाऊकच नव्हतं.

पण तिने निर्णय घेतला तो यावर नाही. तिने तिथल्या दोन वरच्या वर्गातल्या मुलींना गाठलं आणि तासभर प्रश्न विचारले. पहिल्या वर्षाच्या मोठ्या व्याख्यानांना किती मुलं असतात? (काहींना कित्येक शे.) मग शंका कोणाला विचारायची? (चर्चेच्या तासाला पीएच.डी. करणाऱ्या मुलांना, आणि प्राध्यापकांनी दिलेल्या वेळेत स्वतः उठून जाऊन. न जाणाऱ्याला कोणी शोधत येत नाही.) उन्हाळ्यातली इंटर्नशिप कोणत्या शहरात मिळते? इथे दोघींनी एकदमच "शिकागो" म्हटलं. अकाउंटन्सीत हा विभाग देशातल्या अगदी वरच्यांत मोजला जातो, आणि मोठ्या लेखापरीक्षण कंपन्या मुलाखती घ्यायला कॅम्पसवर येतात. पुण्यात मी सांगितलं असतं तर हे कोणाला महत्त्वाचं वाटलं नसतं. आपल्याकडे यूआययूसी म्हटलं की फक्त अभियांत्रिकी. परतताना गाडीत ती म्हणाली, "आई, तू कधी सांगितलंच नाहीस, की माझ्या विषयात हे इतकं चांगलं आहे." मलाही माहीत नव्हतं. माझं यूआययूसी निराळं होतं.

समोरच्या मुलाबद्दल सांगायला हवं. तो शेजारच्या राज्यातल्या विद्यापीठात संगणकशास्त्र शिकतो आहे आणि खुशीत आहे. त्याच्या आईने मला त्या वसंतात विचारलं होतं, "आमचं काय चुकलं?" त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. अर्ज करण्याआधी ऑक्टोबरमध्ये त्या विभागाचा वेगळा टक्का कोणी त्यांना दाखवला नव्हता, एवढंच. शाळेच्या समुपदेशकाने आख्ख्या विद्यापीठाचा टक्का पाहून "हे तुमच्यासाठी सेफ्टी", म्हणजे हमखास मिळणारं, असं यादीत लिहून दिलं होतं. ते दुःख टाळता येण्यासारखं होतं, म्हणून मला अजून त्याची चुटपुट लागते.

भाचा ऑगस्टमध्ये आला. विमानतळावरून आम्ही त्याला थेट शॅम्पेनला सोडलं, गाडीत त्याच्या दोन बॅगा आणि लेकीचं सामान एकत्रच. आता नेपरव्हिलच्या तिच्या शाळेतली मुलं दर शरद ऋतूत तिला फोन करून विचारतात, "शॅम्पेन कसं आहे?" आणि ती आधी विचारते, "मेजर कुठला?"