ट्रॉलीला जास्त हवेचे टायर टाकताय? आधी डिस्क बघा, या चुका टाळा

कापसाचा हंगाम तोंडावर आला की खान्देशात ट्रॉलीचे टायर बदलायची घाई सुरू होते. जुने १४ प्लायचे (प्लाय म्हणजे टायरच्या आतल्या थरांची ताकद) घासून गुळगुळीत झालेले असतात, दुकानदार १६ प्लायचे पुढे करतो आणि "घ्यायचेच तर दणकट घेऊ" असं ठरतं. टायर दणकट घ्यायला हरकत नाही. पण तो बसतो त्याच जुन्या डिस्कवर, म्हणजे चाकाच्या लोखंडी भागावर. जास्त प्लायचा टायर पूर्ण ओझ्याला जास्त हवा मागतो आणि ती हवा टायरइतकीच डिस्कलाही रेटते. डिस्कला ते झेपेल का, हे विचारायचंच राहून जातं. सगळ्यात महागात पडणारी चूक ही.

टायरच्या कडेवर छापलेला पौंडाचा, म्हणजे हवेच्या दाबाचा आकडा म्हणजे "एवढी भराच" असा हुकूम नव्हे. ती टायरची कमाल मर्यादा आहे. डिस्कची मर्यादा वेगळी असते, आणि दोन्हींत जो आकडा कमी तो धरायचा. अमेरिकी पद्धतीच्या ट्रेलर टायरमध्ये ओझं पेलण्याच्या ताकदीनुसार श्रेण्या असतात; साधारणपणे 'डी' श्रेणी ६५ पौंडांची आणि 'ई' श्रेणी ८० ची. ६५ पौंडांच्या डिस्कवर 'ई' चढवला तरी हवा ६५ च भरायची. मग 'ई' वर छापलेलं वजनही धरता येत नाही, कारण ते ८० पौंडांवरच मिळतं. टायरचे पैसे जास्त गेले, माल मात्र पूर्वीएवढाच.

वजनाचा हिशेबही असाच. टायरवर भार निर्देशांक (किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) १२१ असेल तर एका टायरला १४५० किलो, चार चाकांना ५८०० किलो. डिस्क १२५० किलोचीच असेल तर ट्रॉली ५००० चीच समजायची, आणि त्यात ट्रॉलीचं स्वतःचं वजनही आलं. शिवाय टायर बदलल्याने एक्सल, बेअरिंग आणि पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बदलत नाहीत, त्यामुळे त्यांचीही मर्यादा बघावी लागते. आपल्याकडे ओझं क्विंटलमध्ये मोजलं जातं आणि फाळका (ट्रॉलीची बाजूची फळी) वर चढवला की हा सगळा हिशेब बाजूला पडतो.

आता डिस्कवरचा आकडा शोधायचा कसा? टायर उतरवलाच आहे तर तारेचा ब्रश आणि थोडं रॉकेल किंवा डिझेल घ्या. हवेच्या नोझलच्या भोकाजवळ आणि आतल्या बाजूला घासा. गंज आणि रंगाच्या थराखाली ६.००जी-१६ असा मापाचा ठसा सापडतो. नशीब असेल तर वजन आणि दाबही. स्थानिक कारखान्यात बनलेल्या किंवा भंगारातून आणलेल्या डिस्कवर अनेकदा मापाखेरीज काहीच नसतं. तिथे अंदाज नको. जुन्या टायरला जेवढी हवा चालत होती, त्याच्या वर जाऊ नका. नाहीतर नवी डिस्क घ्या आणि वजन-दाबाचे आकडे बिलावर लिहून मागा. घासता घासता नटांच्या भोकांभोवतीही नजर फिरवा. भोकापासून केसासारखी तांबूस रेघ निघालेली दिसली तर ती तडा आहे. ती डिस्क बाद.

वेल्डिंग करून भागवू, असं म्हणणारे भेटतातच. भेगाळलेली डिस्क वेल्ड केली तरी तिच्या ताकदीचा भरवसा उरत नाही. टायर चढलेला असताना डिस्कला वेल्डिंग लावणं तर जिवावरचं आहे. हवा सोडलेली असली तरी आत रबर तापून वायू साठतो आणि टायर स्फोटासारखा फुटतो.

ट्यूबलेस असेल तर नोझलही बघा. साध्या दाबून बसवायच्या रबरी नोझलची मर्यादा बहुधा ६५ पौंडांपर्यंतच असते. त्याच्या वर जायचं तर जास्त दाबाचं किंवा नटाने आवळायचं धातूचं नोझल लागतं.

हवा सकाळी, गाडी निघण्याआधी मोजायची. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यातल्या उन्हात भरलेली ट्रॉली ओढून आणली की गेज आपोआप वर जातं. ते बघून हवा सोडली तर दुसऱ्या दिवशी टायर कमी हवेवर धावतो, कडा तापतात आणि फुटतो. "कितली भरू भाऊ?" असं पंक्चरवाल्याने विचारलं की "टाक अंदाजे" म्हणू नका. डिस्क आणि टायर यांतला कमी आकडा ट्रॉलीच्या फाळक्यावर रंगाने लिहून ठेवा.

लॉक रिंगच्या (टायर जागेवर धरणारी वेगळी लोखंडी कडी असलेल्या) डिस्कला हवा भरताना टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवायचा, लांब पाइप लावायचा आणि समोर कोणी उभं राहायचं नाही. एका डिस्कची रिंग दुसऱ्या मेकच्या डिस्कला ठोकून बसवायची नाही. ती उडाली तर माणूस मारते. टायर चढवून झाले की नट समोरासमोरचे आवळत जा, आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा पाना लावा. रावेरहून केळी भरून निघालात तर चोपड्याच्या आसपास थांबून हे काम उरकता येतं.